पुरवणी

१२ जानेवारी

चष्म्यांच्या फ्रेमचा एजंट दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी मी ती ताईला देऊन टाकतो. यंदा दिली नाही. आज असं काही घडलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ताईला सांगून पाहिलं, तर तिने "बरं" म्हणून मालिकेचा आवाज वाढवला.

दुपारी दुकानात सुटातला एक माणूस आला. चष्मा हरवला, वाचायचा नवा करून हवा म्हणाला. खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची फ्रेम चढवली आणि काचा बदलत गेलो. "ही बरी की ही?" असं विचारतोय तर गडी तक्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघतोय. मग हळूच म्हणाला, "पुरवणी, लेका, मला ओळखलं नाहीस?"

काच हातातून पडता पडता राहिली. वकील! विद्यापीठाच्या वसतिगृहात आमची चौकडी होती. कप्तान, डॉक्टर, वकील आणि मी. व्हॉलीबॉलच्या संघाचा कप्तान म्हणून कप्तान. बाकी दोघे तेव्हा नुसते शिकत होते, पण आम्ही पहिल्या वर्षापासूनच त्यांना पदव्या देऊन टाकल्या होत्या. मला पुरवणी म्हणायचे, कारण परीक्षेत मी पुरवण्यांवर पुरवण्या जोडत बसायचो. तीसेक वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू.

या बाजूला काम निघालं म्हणून सहज शिरलो, म्हणाला. तब्येत विचारली, सिगारेट ओढतोस का विचारलं, लग्न केलंस का विचारलं. नाही म्हटलं तर पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुटलास!" मग म्हणाला, "अजून रक्त देतोस का रे?" वसतिगृहात माझं रक्त प्रसिद्ध होतं. कुणालाही चालतं. दवाखान्यातून निरोप आला की हे तिघं मला झोपेतून ओढून न्यायचे. "तू म्हणजे आमचा सार्वजनिक नळ!" म्हणून आज वकील पोट धरून हसला. मीही हसलो.

निघताना कोट सारखा केला तेव्हा त्याच्या आतल्या खिशात चष्म्याचं घर दिसलं. म्हटलं, अरे, हा काय तुझा चष्मा! जीभ चावली त्याने. पहिल्यापासूनच विसराळू.

२० जानेवारी

काल कप्तानाच्या घरी आम्हा चौघांचं जेवण. गाडी पाठवली होती. दुकानासमोर ती लांबलचक गाडी उभी राहिली तेव्हा शेजारचा शिंपी कात्री हातात धरून बघत राहिला. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

कप्तान मात्र पार वाळलाय. हा माणूस चेंडू मारायचा तेव्हा समोरचे सहाजण मागे सरकायचे. आता चेहरा पिवळट, मनगटं काडीसारखी, डोळ्यांखाली फुगलेलं. सगळ्यांना पाण्याचे मोठे ग्लास होते आणि त्याच्यापुढे एक छोटी वाटी. वहिनी ती वाटी स्वतः भरत होत्या. "पथ्य आहे," एवढंच म्हणाला. मी विषय वाढवला नाही. इतक्या वर्षांनी भेटल्यावर आजारपणं काय उगाळायची!

वहिनींना मी पहिल्यांदाच पाहिलं. कप्तानाच्या लग्नाचं आमंत्रण बहुधा पत्ता बदलल्यामुळे मला मिळालं नव्हतं. पण बाई किती मायाळू! दारातच माझा हात हातात घेतला आणि "या भावजी, तुमचीच वाट बघत होतो" म्हणाल्या, आणि हात सोडेचनात.

जेवण झाल्यावर फोटो. वहिनींना फोटोंची फार हौस. मी आणि कप्तान सोफ्यावर, मी आणि कप्तान गच्चीत, मी आणि कप्तान पत्ते खेळताना. मग त्यांनी कप्तानाचा एक जुना स्वेटर आणून मला घालायला लावला आणि परत सगळे फोटो काढले. मी म्हटलं, "वहिनी, हे कशाला?" तर म्हणाल्या, "अहो, सगळे एकाच दिवसाचे वाटायला नकोत." वकिलाने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. स्वेटर मला छान बसला. कप्तान म्हणाला, घेऊन जा.

डॉक्टर खरोखरच मोठा डॉक्टर झालाय. एका खाजगी दवाखान्यात भागीदार आहे. माझ्याशी फार बोलला नाही. पण माझ्या पापण्या खाली ओढून डोळे पाहिले, हाताची शीर चाचपली. जित्याची खोड, म्हटलं.

२ फेब्रुवारी

ताईशी वाजलं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यापासून माझ्याकडेच राहते आणि मी अजून शाळेत जातो असं समजून वागते.

"तीस वर्षं कुठे होते हे सगळे?"

"माणसं संसारात अडकतात, ताई."

"आई गेली तेव्हा तू तिघांनाही कळवलं होतंस. एकाचा फोन आला होता?"

मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. आता दर रविवारी बोलावतात, फळं पाठवतात, माझं मीठ कमी करायला सांगतात, चालायला जायला सांगतात. सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात.

"एवढं खाऊपिऊ घालतायत, काट्यावर चढवलं की नाही अजून?" ताई म्हणाली.

परवाच डॉक्टरने वजन केलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिने दिवसभर हसून घेतलं असतं.

मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "आणि पुरवणी पुरवणी काय लावलंय? मला तर तेव्हाच वाटायचं, मूळ पेपर त्या तिघांचा आणि तू मागून दोऱ्याने बांधलेला." काय तोंड आहे या बाईचं!

१६ फेब्रुवारी

डॉक्टरने त्याच्या दवाखान्यात माझी संपूर्ण तपासणी करून दिली. "आपल्या वयात करून घ्यावी," म्हणाला. रक्ताच्या नळ्यांवर नळ्या, लघवी, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी. पोटावर ते थंडगार जेल लावून मुलगी उजव्या बाजूला यंत्र फिरवत राहिली, फिरवत राहिली. मग बाहेर जाऊन डॉक्टरला घेऊन आली. दोघं पडद्याकडे बघत हळू आवाजात बोलले. मी म्हटलं, "काय रे, मुलगा की मुलगी?" मुलगी खुदकन हसली. डॉक्टर हसला नाही.

त्याला सांगितलं की संध्याकाळी पायावर सूज येते आणि हल्ली डोकं जड असतं. म्हणाला, "दिवसभर दुकानात उभा असतोस म्हणून. बाहेर कुणाला दाखवत बसू नकोस, लोक उगाच घाबरवतात. मी आहे ना." असा मित्र असला की माणूस निर्धास्त. रिपोर्ट त्याच्याकडेच ठेवले, हरवायला नकोत म्हणून.

२ मार्च

दार लावून लिहायला बसलोय.

वसतिगृहात आमचा एक रिवाज होता. कुणी म्हणालं, "एक काम आहे," की समोरच्याने काय काम ते न विचारता म्हणायचं, "माझ्यावर!" एकदा माझ्यावर म्हटलं की माघार नाही. मग ते मेसवाल्याला समजावणं असो, मुलीला चिठ्ठी नेऊन देणं असो. आठवायला गेलं तर बहुतेक वेळा मीच म्हणायचो, कारण माझी जीभ सगळ्यांत चपळ होती.

आज दुपारी कप्तानाच्या घरी जेवणं झाली, आणि वकील बडीशेप चघळत म्हणाला, "पुरवणी, एक काम आहे."

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "माझ्यावर!"

कुणी हसलं नाही. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. कप्तान मान खाली घालून वाटीकडे बघत राहिला. मला वाटलं, माझं काही चुकलं.

मग वकिलाने सांगितलं. कप्तानाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा यंत्रावर जातो. नवी मिळाली तर जगेल. माझी जुळते, सगळं जुळतं, डॉक्टरने पाहिलंय. माणसाला एक पुरते.

मी विचारलं, "कप्तानाचा धाकटा भाऊ?" तर त्याचा कारखाना नवा आहे, त्याच्यावर पन्नास घरं चालतात. "मुलं?" थोरल्याचं लग्न ठरतंय, धाकटा परदेशी. वहिनींचा रक्तगट वेगळा. वकील म्हणाला, "तुझ्यामागे कुणी नाही म्हणून नव्हे रे. तू आमच्यातला म्हणून." आणि हसून कप्तानाला म्हणाला, "काय कप्तान, पुरवणी जोडल्याशिवाय तुझा पेपर कधी पूर्ण झालाय?" तेव्हा मात्र सगळे हसले. कप्तान उठला आणि मला मिठी मारली. त्याच्या बरगड्या लागत होत्या.

घाबरलोय. पण इतकी वर्षं काचा घासत बसलो आणि एकाही माणसाला माझ्यावाचून अडलं नाही. आज कुणाचं तरी अडलंय.

९ मार्च

ताईला सांगितलं. वाटलं होतं आकांत करील. ती पिठाचे हात तसेच ठेवून खुर्चीत बसली.

"मागे फिरता येतं ना अजून?"

"मी शब्द दिलाय."

"काय काम आहे ते सांगायच्या आधी शब्द घेतला त्यांनी. याला काय म्हणतात रे?"

"तो आमचा रिवाज आहे. तुला नाही कळायचं."

"तुझ्यामागे कुणी नाही म्हणाले ना? मग मी कोण आहे?"

वकील तसं म्हणाला नव्हता, नेमकं उलट म्हणाला होता, पण समजावायला गेलो तर मलाच ते नीट सांगता येईना. ताईने हात धुतले आणि आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडून दुसरा सल्ला घेऊ म्हणाली. मी म्हटलं, रिपोर्ट माझ्याकडे नाहीत. "मग माग," म्हणाली.

११ मार्च

मागितले. डॉक्टर म्हणाला, "विश्वास नाही का?" इतकी लाज वाटली की विषयच सोडला.

२८ मार्च

तीन रविवार बोलावणं नाही. फळंही बंद झाली. कामात असतील. आमच्या चौकडीच्या ग्रुपवर "सुप्रभात" टाकलं तर नुसते दोन अंगठे आले. आज सकाळी जरा रागानेच लिहिलं, "मित्रांनो, मी सगळ्याचा पुन्हा एकदा विचार करतोय." दुपारच्या आत दारात गाडी! वकील, वहिनी, डॉक्टर, तिघंही. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ताईच्या पाया पडल्या. ताईने पाय मागे घेतले. मलाच कसंतरी झालं.

वकिलाने मला गाडीत बसवून सांगितलं की कप्तानाला कालपासून धाप लागते. "तू मागे हटलास तर आम्ही तुला काही म्हणणार नाही. फक्त वहिनींना तूच सांग." वहिनी काचेतून बघत होत्या. सांगवेना.

पुढच्या रविवारी बोलावलंय.

१७ एप्रिल

नात्याबाहेरच्या माणसाने असा अवयव द्यायचा तर एक समिती खात्री करून घेते की माणूस राजीखुशीने देतोय आणि ओळख खरोखर जुनी आहे. वकिलाने आठवडाभर माझी तयारी करून घेतली. दरवर्षी सुट्टीत एकत्र जातो. कप्तानाच्या मुलांना खांद्यावर खेळवलंय. फोटो आहेतच. मी म्हटलं, "हे खरं नाही." तर म्हणाला, "तारखा खऱ्या नाहीत. मैत्री तर खरी आहे ना?" हे मला पटलं.

समितीपुढे आधी सगळ्यांना बोलावलं, मग मला एकट्याला. मधल्या बाई माझ्याएवढ्याच असतील. चष्म्याची नाकपट्टी सैल झाली होती, तो सारखा खाली घसरत होता. दुकानात असतो तर दोन मिनिटांत बसवून दिला असता. त्यांनी दार लावून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी भरीला घातलंय का? इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. नको असेल तर आम्हीच नाकारलं असं सांगू. त्यांना कळणारही नाही."

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. मग डोळ्यांपुढे रविवारची ती जेवणाची खोली आली. माझी खुर्चीसुद्धा ठरलेली आहे तिथे.

मी म्हटलं, "नाही मॅडम. मित्र आहेत माझे."

"त्यांनी तुमच्यासाठी आजवर काय केलंय?"

हे वकिलाने शिकवलं नव्हतं. मी आठवायला लागलो. शेवटी म्हणालो की मला टायफॉईड झाला होता, तेव्हा कप्तान रात्रंदिवस माझ्या उशाशी बसला, पट्ट्या बदलल्या, चमच्याने पाणी पाजलं. सांगताना माझेच डोळे भरून आले आणि बाईंनी मान हलवून सही केली.

टायफॉईड खरा होता. उशाशी ताई बसली होती.

६ मे

तारीख ठरली. डॉक्टरने केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या दोन किडन्यांत जरा कमीजास्त आहे. म्हणून शेवटपर्यंत सांगत नव्हतो. पण काळजी नको, कुठली घ्यायची ते मी ठरवलंय. कप्तानाला काही अडचण येणार नाही." जीव भांड्यात पडला. एवढं सगळं करून त्याला माझी चालली नसती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. पुढे म्हणाला, "ताईंना यातलं काही सांगू नकोस. घाबरतील." मलाही तेच वाटत होतं.

डॉक्टरने माझ्याकडे बघून बोलणं सोडलंय असं हल्ली वाटतं. टेबलावरच्या पेपरवेटशी बोलतो. दमत असेल. थोड्या वेळाने त्याने एकदम विचारलं, "तू इतका भोळा कसा राहिलास रे?" मी म्हटलं, "लग्न नाही केलं ना!" आवडीचा विनोद आहे माझा. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि मी निघेपर्यंत वळला नाही.

१८ मे

दुकान बंद केलं. "काही दिवस बंद" अशी पाटी लावली. किती दिवस ते डॉक्टरने सांगितलं नाही. शिंपी म्हणाला, "कुठे, फिरायला?" म्हटलं, मित्रांबरोबर. ताई बॅग भरते आहे. भांडत नाही, बोलतही नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ मे

दवाखान्यात आहे. सकाळची वेळ. कप्तान वरच्या मजल्यावर, खास खोलीत. मी खाली, सहा खाटांच्या खोलीत. वरती जागा कमी होती म्हणे. काल आल्यापासून वर जाऊन भेटावं असं मनात आहे, पण संसर्ग होईल म्हणून सोडत नाहीत. त्यांना खाली यायला कुणाची बंदी नाही, असं ताई म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. ग्रुपवर "आज आपला सामना!" असं लिहिलं. अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. सगळे कप्तानाजवळ असतील. साहजिक आहे.

मघाशी परिचारिका आली आणि जांभळ्या पेनाने माझ्या डाव्या कुशीवर फुली मारून गेली. गुदगुल्या झाल्या. आत्ता मी हे लिहितोय आणि ताई शेजारी स्टुलावर बसून माझी कानटोपी उगाच घडी करते, मोडते. स्ट्रेचर येईल म्हणाले. भीती वाटतेय. फार वाटतेय. ताईचा हात धरावासा वाटतोय, पण या वयात बरं दिसत नाही.

मी लिहीत असतानाच तिने विचारलं, "डावीच का रे?"

"डॉक्टरने ठरवलं."

"पण का? उजवी का नाही?"

सांगू नकोस म्हणाला होता. पण आता काय, तासाभरात सगळं उरकेल. आणि काल संध्याकाळी तपासायला आलेल्या हाताखालच्या डॉक्टरला मीही खोदून विचारून घेतलं होतं. म्हटलं, "उजवी लहान आहे. जन्मापासून सुकलेली. जवळजवळ कामच करत नाही म्हणे."

कानटोपी तिच्या हातातून खाली पडली. स्टुलावरून उठली आणि माझे दोन्ही खांदे धरले. इतक्या मोठ्याने ओरडली की पाचही खाटांवरची माणसं उठून बसली.

"आणि ती तुला ठेवणार?"

"मग काय, ताई," मी म्हटलं, "मित्राला खराब देऊ?"